मोतद्दाराचं गाणं आणि चारशे पिंपं

ठाण्यात कोर्ट नाक्यावरून खाडीच्या बाजूला निघालं की मध्यवर्ती कारागृहाची दगडी भिंत लागते. शाळेत असताना मी बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसून त्या भिंतीच्या कडेनं जायचो. बाबा पोस्टात होते आणि सायकल चालवताना बोलत राहायची त्यांना सवय होती. भिंत आली की ठरलेलं वाक्य यायचं, "इथनं त्रिंबकजी पळाला. गाणं ऐकून पळाला." गाणं ऐकून माणूस कसा काय पळेल हे मला त्या वयात कळायचं नाही. मला वाटायचं, गाणारा फारच बेसूर असणार.

बाबांना जाऊन सात वर्षं झाली. ते वाक्य पुन्हा वर आलं ते भाच्यामुळे. भाचा घोडबंदर रोडला राहतो, नववीत आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची. गणपतीत चार दिवस आमच्याकडे आला तो प्लेस्टेशन काखोटीला मारूनच. आरती झाली की लगेच घोस्ट ऑफ त्सुशिमा. १२७४ साली मंगोल समुद्रावरून त्सुशिमा बेटावर उतरतात आणि एक सामुराई त्यांना तोंड देतो, असा गेम. त्यातलं गवत वाऱ्यावर इतकं देखणं हलतं की आई निवडायला घेतलेली मेथी तशीच मांडीवर ठेवून बघत बसली.

"कुठलं रे हे गाव?"

"आजी, जपानमधलं आयलंड आहे. रिअल आहे."

"केवढं आहे?"

भाच्यानं फोनवर बघून सांगितलं, वस्ती तीस हजारांच्या आसपास.

"म्हणजे आपल्याकडचा एखादा वॉर्ड," असं म्हणून आई पुन्हा मेथीकडे वळली.

मला मात्र ते लागलं. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची वस्ती १८ लाखांच्या वर होती. इकडे तीस हजारांचं बेट, त्यावर अमेरिकेतल्या एका स्टुडिओनं गेम केला, आणि जगभरच्या पोरांना त्या बेटाचा इतका लळा लागला की २०२० च्या वादळात तिथल्या वातात्सुमी देवळाचं तोरण, म्हणजे त्यांची ती तोरी, कोसळली तेव्हा दुरुस्तीसाठी मागितले होते ५० लाख येन आणि जमले पावणेतीन कोटींच्या आसपास. पुढे त्या बेटानं गेमच्या दोन दिग्दर्शकांना आपले पर्यटन दूतच करून टाकलं.

भाचा म्हणाला, "मामा, आपल्या इथला का नाही असा?"

मी "बजेट" एवढं एकच उत्तर देऊन मोकळा झालो. रात्री मात्र झोप लागेना.

कारण हा प्रश्न मला त्याच्या वयापासून पडलेला आहे. २००० च्या सुमाराला नौपाड्यात एका इमारतीच्या पोटमाळ्यावर सायबर कॅफे होता, तासाला २५ रुपये. कॉलेजला दांडी मारून आम्ही सहा जण तिथं एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग खेळायचो. त्यात निवडायला १३ संस्कृती: ब्रिटन, फ्रँक, गॉथ, व्हायकिंग, चिनी, जपानी, मंगोल आणि असे बाकीचे. भारत नावालाही नाही. मी कायम पर्शियन घ्यायचो, कारण एकच, त्यांच्याकडे हत्ती होते. हत्ती म्हणजे आपले, असा साधा हिशेब. मी हत्ती घेऊन निघालो की शेजारच्या मशीनवरून ओरडा व्हायचा, "आले पेशवे!" इराणी लोकांनी ऐकलं असतं तर काय वाटलं असतं कोण जाणे.

२००७ मध्ये तिसऱ्या भागाला आशियाची पुरवणी आली आणि तिच्यात १८५७ सुद्धा आलं. नायकाचं नाव काय, तर नानिब साहिर! नानासाहेब कुणीतरी ट्रंक कॉलवर ऐकून लिहून घेतल्यासारखं. २००९ मध्ये एम्पायर: टोटल वॉर आला आणि त्यात चक्क मराठे खेळायला मिळाले. नोकरी लागली होती, नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं, शुक्रवारी रात्री बसलो आणि रविवारी पहाटेपर्यंत मोगलांना पार उत्तरेला ढकललं. मग चहा करायला उठलो आणि वाटलं, दोन रात्री जागून मी नेमकं केलं काय? नकाशातल्या तुकड्यांना रंग दिला. या नकाशात ना ठाणं, ना बाजारपेठ, ना कोळीवाडा. त्यातल्या आपल्या इतिहासात माणूस चालेल असा एकही रस्ता नव्हता.

तिथपासून माझी तक्रार बदलली. आपला देश गेममध्ये नाही असं आता म्हणता येत नाही. २०२२ मध्ये त्याच एज ऑफ एम्पायर्सनं एका भारताचे चार केले: हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविड, बंगाली. अनचार्टेडचा द लॉस्ट लेगसी हा भाग पश्चिम घाटात घडतो, होयसळांची शिल्पं, धबधबे, हत्ती, सगळं आहे. पाऊस तर अस्सा पडतो की माळशेजची आठवण यावी. (हळेबीड प्रत्यक्षात सपाट पठारावर आहे, पण सपाटीवर उड्या कशा मारणार?) हिटमॅनच्या दुसऱ्या भागात मुंबईसुद्धा आहे. तिथं चाळ आहे, धोबी आहेत, न्हाव्याचं दुकान आहे. मुंबई म्हटली की बाहेरच्यांना जे दिसतं ते सगळं आहे. आणि असॅसिन्स क्रीड! या मालिकेनं फ्लॉरेन्स, पॅरिस, लंडन, अथेन्स अशी शहरंच्या शहरं उभी केली. २०१४ च्या पॅरिससाठी एका कलाकार बाईंनी एकट्या नोत्र दामवर वर्षाहून जास्त काळ घातला. भारताची पाळी आली २०१६ मध्ये. १८४१ चं अमृतसर, शिखांचं राज्य, अर्बाझ मीर नावाचा नायक, कल्पना झकास. पण दिली काय, तर आडवी सरकणारी पट्टी. डावीकडून उजवीकडे पळा. बुफेच्या रांगेत शेवटी पोचल्यावर ताटात नुसता पापड पडावा तसं वाटलं मला.

म्हणजे आपण तिथं आहोत ते एक तर रंग म्हणून, नाही तर पडदा म्हणून.

आता त्रिंबकजी. बाबांच्या वाक्यामागची हकीकत मी बऱ्याच उशिरा वाचली, आणि वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय, हा गेम तयार आहे, फक्त कुणी बनवलेला नाही.

त्रिंबकजी डेंगळे हा दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला. इंग्रजांचा पुण्यातला रेसिडेंट एल्फिन्स्टन यानं ठपका त्रिंबकजीवर ठेवला, पेशव्यावर दडपण आणलं आणि त्याला ताब्यात घेतलं. कैदेत ठेवलं आमच्या ठाण्याच्या किल्ल्यात. हा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला आणि १७७४ सरता सरता इंग्रजांनी जिंकलेला. आजचं कारागृह ते हेच. त्रिंबकजीच्या पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई. म्हणजे विचार करा, पहारेकरी फितायला नको म्हणून ज्याला कैद्याची भाषाच येत नाही असा पहारेकरी ठेवला, आणि घात झाला तो नेमका त्यामुळेच.

किल्ल्यातल्या एका साहेबाकडे मराठी मोतद्दार होता. मोतद्दार म्हणजे घोड्याची चाकरी करणारा. खरारा, दाणापाणी, फेरफटका. हा गडी साहेबाचा घोडा फिरवायच्या निमित्तानं त्रिंबकजीच्या खिडकीखालून येरझाऱ्या घाली आणि आपल्याच नादात असल्यासारखा गाणं म्हणे. बाहेरची सगळी खबर त्या गाण्यात. खिडकीतला माणूस ऐकतोय, आणि पहारेकरीही ऐकतायत, बहुधा मान डोलवत. सप्टेंबर १८१६ मध्ये पिंजरा रिकामा झाला.

ही हकीकत ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात आहे. कलकत्त्याचा बिशप हेबर यानं तर आपल्या प्रवासवर्णनात ते गाणं इंग्रजी यमकांत बसवून दिलंय. तात्पर्य असं, की रानात घोडी आहेत पंचावन्न आणि माणसं आहेत चोपन्न; पंचावन्नावा स्वार घोड्यावर बसला की दख्खनचे दिवस फिरतील. हिशेबातला हा एकाचा फरक हाच निरोप! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लोकलमध्ये होतो, ऐरोलीला उतरायचं राहून गेलं आणि थेट घणसोलीला उतरलो.

त्रिंबकजी १८१८ मध्ये पुन्हा सापडला आणि काशीजवळ चुनारच्या किल्ल्यात कैदेतच गेला. मोतद्दार मात्र नुसता मोतद्दारच राहिला.

आणि गेमचा नायक हा मोतद्दारच हवा, त्रिंबकजी नाही. एक तर त्रिंबकजी माणूस म्हणून फार वादग्रस्त. खुनाच्या आरोपातल्या कारभाऱ्याला धुतल्या तांदळाचा करायची मला हौस नाही. दुसरं म्हणजे मोतद्दाराच्या हातात तलवार नाही. एक लगाम, एक गळा. रोजचा रस्ता तोच: पागा, खिडकी, तट, परत पागा. रोज थोडंथोडं टिपायचं. पहारा कधी बदलतो, खाडीला ओहोटी कधी लागते, पलीकडे कळव्याच्या बाजूला कोण उभं आहे. आणि रात्री बसून गाणं रचायचं. कारण ठाण्यात चार-दोन वर्षं काढलेल्या गोऱ्या शिपायाला काही शब्द कळतातच की. घोडा कळतो, पाणी कळतं, पळ कळतं. हे शब्द गाण्यात आले की त्यानं मान वळवलीच. मग घोड्याला काय म्हणायचं? वारू म्हण. अबलख म्हण. तुरंग म्हण. आपल्या भाषेत एका जनावराला पाच नावं आहेत त्याचा एवढा उपयोग कुणी केला नसेल. खेळणाऱ्याचा शस्त्रसाठा म्हणजे शब्दसाठा.

हे काही माझं खूळ नाही. भाषेवर गेम चालतात. चान्ट्स ऑफ सेन्नारमध्ये तुम्ही एका मनोऱ्यात मजला-मजला चढत अनोळखी लिप्या उलगडता, दुसरं फारसं काही करत नाही, आणि तो हातातून सुटत नाही. नेव्हर अलोन हा अलास्कातल्या इन्युपियाक लोकांबरोबर बसून केलेला गेम. गोष्ट सांगणारा म्हातारा आवाज त्यांच्याच भाषेत बोलतो. आणि माझा सगळ्यात लाडका, किंगडम कम: डिलिव्हरन्स. १४०३ चा बोहेमिया, म्हणजे आजचा चेक देश. नायक हेन्री, लोहाराचा पोर. त्याला वाचताच येत नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं उलटीपालटी दिसतात, आणि कुणाकडून तरी शिकेपर्यंत ती तशीच राहतात. मी पहिल्यांदा गेम बिघडला असं समजून बंद केला होता. बनवला प्राग शहरातल्या लोकांनी, स्वतःच्या गावांवर, स्वतःच्या गढ्यांवर. ना ड्रॅगन ना जादू. बोहेमिया कुणाला माहीत होता? फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याचा दुसरा भाग आला आणि पहिल्या दिवसातच दहा लाख प्रती खपल्या. तेव्हा "आपलं कोण बघणार" हे मला सांगू नका.

हे सगळं मी उत्साहानं सांगितलं ते महाप्याला राहणाऱ्या एका मित्राला. तो गेमसाठी मॉडेलं बनवणाऱ्या स्टुडिओत आहे. बाहेरच्या मोठ्या गेमांतल्या वस्तू इथं बनतात: भांडी, दारं, दगड, गवत. त्यानं माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी सहा वर्षांत किती पिंपं केली असतील?"

"कसली पिंपं?"

"ओकच्या लाकडाची, लोखंडी पट्ट्यांची, दारूची. चारशेच्या वर केली असतील. नवं पिंप, जुनं पिंप, फुटकं पिंप, जळकं पिंप. खरं पिंप मी जन्मात पाहिलेलं नाही. आमच्या अलिबागच्या घरात रांजण होता. रांजण मला एकदाही कुणी करायला सांगितला नाही."

मग त्यानं मला पैशाचं गणित समजावलं, आणि ते मी गणपतीत भाच्याला दिलेल्या उत्तरापेक्षा बरंच खोल निघालं. युरोपातलं जुनं गाव उभं करायचं तर अर्धं सामान तयार विकत मिळतं. चर्च, कमान, फरसबंदी, खानावळीतलं टेबल, मेणबत्तीचं झाड. कुणीतरी कधीतरी बनवलेलं, हजार गेमांत वापरून झालेलं. कोकणातलं घर उभं करायला घ्या. ओसरी, पडवी, कडीपाट, तुळई, दिंडी दरवाजा, कोनाडा, कोनाड्यातला दिवा, नळीची कौलं. एकही गोष्ट दुकानात नाही. सगळं शून्यातून. "तुझ्या मोतद्दाराचं खोगीर कसं होतं सांग," तो म्हणाला. "साहेबाचं खोगीर मला झोपेत करता येतं. मराठा खोगीर? फोटो पाठव, चारी बाजूंनी, मोजमापासकट." मी काय पाठवणार? किल्ला तर चालू कारागृह आहे. आत जाऊन भिंतींचे फोटो काढतो म्हटलं तर मलाच आत ठेवतील.

म्हणजे जे आधीच खूपदा दाखवलंय ते दाखवणं दरवेळी स्वस्त होत जातं, आणि जे कधी दाखवलं नाही ते महागच राहतं. लंडनवर दहावा गेम का येतो याचं उत्तर त्या पिंपात आहे.

दुसरं कारण भीती. २००८ मध्ये फॉलआउट ३ भारतात आणलाच नाही. कारण दिलं सांस्कृतिक संवेदनशीलतेचं. त्या गेममध्ये दोन डोक्यांची गाय आहे आणि तिचं नाव ब्राह्मिन. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या एका कंपनीनं प्लेस्टेशन २ साठी हनुमानावर गेम केला, भारतात बनलेला पहिलाच कन्सोल गेम, तर देवाला बटणांनी नाचवता म्हणून आक्षेप आला. मित्र म्हणाला, "महाराजांवर गेम कर म्हणून दर महिन्याला कुणीतरी सांगतं. गेममध्ये माणूस पहिल्या अर्ध्या तासात वीस वेळा मरतो रे. पडद्यावर महाराज पडलेले, खाली लिहिलंय 'पुन्हा प्रयत्न करा'. कोण करणार? आणि मरूच दिलं नाही तर तो गेम कसला, ती आरती."

याला माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते मी टेबलावर हात आपटून दिलं. म्हणूनच मोतद्दार! त्याला मरू दे वीस वेळा. पकडला, फटके खाल्ले, पुन्हा पागेत. आपल्याला इतिहास म्हटलं की पुतळा दिसतो. पुतळा चालत नाही, घसरत नाही, त्याला भूक लागत नाही. गेमला लागतो तो पुतळ्याच्या घोड्याला दाणा घालणारा. चेक लोकांनी राजा घेतला नाही, लोहाराचा पोर घेतला.

आणि असे लोक आपल्या किनाऱ्यावर किती पडलेत! मार्को पोलोच्या पुस्तकात ठाण्याचं राज्य आहे, १३ व्या शतकाच्या अखेरीचं. त्यात म्हटलंय की इथला राजा चाच्यांना सामील होता. करार असा, की लुटीत सापडतील ते सगळे घोडे राजाचे, बाकी माल चाच्यांचा. कारण घोडे इथं पैदा होत नसत, अरबस्तानातून जहाजानं येत आणि सोन्याच्या भावानं जात. आता यातला एखादा तांडेल घ्या. जहाज पकडलंय, तळात तीस घोडे, पैकी सहा आजारी. राजाला किती दाखवायचे, किती लपवायचे, चारा कुठून आणायचा, आणि खाडीत भरती कधी. मी हा गेम पगार न घेता लिहून देतो.

किंवा समुद्रच घ्या. असॅसिन्स क्रीडचा चौथा भाग, ब्लॅक फ्लॅग, १७१५ मधल्या कॅरिबियन चाच्यांवर आहे. लोक त्या गेमच्या जहाजांसाठी अजून उसासे टाकतात. त्याच सुमाराला कान्होजी आंग्रे अलिबागच्या कुलाबा किल्ल्याहून सगळा कोकण किनारा राखत होते. इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून १७२१ मध्ये कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. आंगऱ्यांचं गलबत लहान, वल्ह्यांचं. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी डुलत राहणार आणि गलबतं वल्ही मारत त्याच्या पिछाडीला, जिथं तोफा कमी तिथं, येणार. वारा पडण्याची वाट बघणारा गेम! कॅरिबियनमध्ये सगळे वारा यायची वाट बघतात. २०२४ मध्ये स्कल अँड बोन्स आला तो हिंदी महासागरातल्या चाच्यांवर. आनंदानं नकाशा उघडला. आफ्रिकेचा किनारा आहे, पूर्वेची बेटं आहेत. कोकण नाही. हिंदी महासागर आहे, हिंद नाही.

शिलाहारांचं श्रीस्थानक म्हणजे जुनं ठाणं, अंबरनाथचं १०६० चं देऊळ, शेताच्या बांधावरचे गद्धेगळ, यांवर वेगळं लिहीन कधीतरी. गद्धेगळ म्हणजे दान मोडणाऱ्याला आईवरून शिवी देणारा दगड. वर सूर्य-चंद्र, खाली गाढव. गेम जिथं सेव्ह होतो तिथं हा दगड उभा करावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपल्याकडे कुणी काही केलंच नाही असंही नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' नावाचा गेम केला. मूठभर माणसं, पहाडी चित्रांसारख्या भिंती, गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. लहान आहे, मारामारी थोडी अडखळते, पण एका दालनातल्या भिंतीपाशी मी दहा मिनिटं काही न करता उभा होतो. माझं भांडण एवढंच, की आपण पुराणातून निघतो आणि थेट भविष्यात उतरतो. मधली हजार वर्षं, ज्यांत खरी माणसं खऱ्या चिखलातून चालली, ती स्टेशनं गाडी घेतच नाही.

पंधरा दिवसांनी मित्राचा मेसेज आला. शब्द नाही, नुसतं चित्र. रांजण. मातीचा, पोटाशी ओल धरलेला, काठाला एक कपची उडालेली, तोंडावर लाकडी झाकण आणि वर पितळी ओगराळं. ऑफिसनंतर दोन संध्याकाळी बसून केला म्हणे. मी म्हटलं, पागेच्या दारात ठेवू. आता आमच्या गेमकडे एक रांजण आहे.

बाकी सगळं कागदावर आहे. मी दिवसभर दुसऱ्यांच्या बँकिंग सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो, गेम बनवायला मला येत नाही. पण चाचणी घ्यायला येते. दिवाळीत भाचा आला तेव्हा मी हॉलमध्ये किल्ला मांडला. सोफा म्हणजे तट. खिडकीजवळची खुर्ची म्हणजे कोठडी, तिच्यात आई, म्हणजे त्रिंबकजी. कैदेतही तिनं करंज्यांचं सारण ढवळणं सोडलं नव्हतं. पॅसेज म्हणजे खाडी. स्वयंपाकघर म्हणजे कळवा. भाचा दंडुका घेऊन पहाऱ्यावर. मी मोतद्दार, आणि घोडा म्हणून व्हॅक्यूम क्लीनर. नियम एकच: गाण्यातली खबर पहारेकऱ्याला कळली तर तो शिट्टी मारणार, नाही कळली आणि त्रिंबकजीला कळली, तर त्रिंबकजी सुटणार.

पहिल्या खेपेला मी घाईत गायलो, "खाडीपल्याड घोडा उभा, कधी रं येशील स्वारा." ओळ पुरी व्हायच्या आत शिट्टी.

"घोडा इज हॉर्स, खाडी इज क्रीक. कमॉन मामा."

आई म्हणाली, "अरे, असं सरळ सांगतात का? जरा आडवळणानं घे."

मग मी व्हॅक्यूम क्लीनर वळवला, सोफ्याला एक चक्कर मारली, आणि आईच्या जात्यावरच्या चालीवर दोन रात्री खपून रचलेलं म्हटलं:

"पंचावन्न वारू माझे, चोपन्न चढले गडी,
रितं खोगीर वाट बघतं, सरताना ही घडी."

भाचा कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. दंडुका खाली आला. ओठ हलत होते, बोटं मोजत होती.

"वेट, वेट. पॉज. चोपन्न म्हणजे फिफ्टी-फोर की सिक्स्टी-फोर?"

खुर्ची रिकामी होती. कळव्यात गॅस पेटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ आईचा, "चहा कोणाकोणाला?"